बाराशे काड्या

तिकीट हातात पडल्याशिवाय कलमवाला म्हातारा झाडाला हात लावत नसे. यंदाही तसंच झालं. मंगळवारची दुपारची गाडी, माणसं दोन, जागा दोन, असा छापलेला कागद तिकीटवाल्याच्या दुकानातून आला तेव्हा त्याने तो भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला, बोटांवर उलटे दहा दिवस मोजले आणि बरोबर त्या दिवशी सकाळी फणसाला शिडी लावली.

काडी कापायच्या दहा दिवस आधी तिची पानं खुडायची, देठ तेवढे ठेवायचे. पानं गेली की रस शेंड्याच्या डोळ्यात, म्हणजे मिटलेल्या कोंबात, उतरतो आणि डोळा फुगतो. फुगलेला डोळाच खुंटावर, म्हणजे कलम बांधायच्या जंगली रोपावर, धरतो, निजलेला धरत नाही. पण एकदा फुगला की त्याला धीर नसतो. काडी कापल्यापासून चार दिवसांत, फार ताणलं तर पाच दिवसांत, तो खुंटावर बांधलाच पाहिजे. म्हणजे झाडाला तारीख द्यावी लागते, आणि म्हातारा ती गाडीची तारीख देत असे. तीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

"आणि गाडीला उशीर झाला तर?" शिडी धरून उभ्या असलेल्या सुनेने खालून विचारलं.

"अर्धा दिवस उशीर मी धरलाय."

"आणि जास्त झाला तर?"

"सूनबाई, तू शिडी धर. मला धारेवर नको धरू."

ती हसली. देठांचा चीक तिच्या डोक्यावरच्या फडक्यावर टपटपत होता. वर म्हाताऱ्याचा हात पानापाशी जाऊन एक क्षण थांबे, थरथरे, आणि मग खुडे. ते थांबणं तिला खालूनही दिसत होतं.

तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा असाच एका फणसावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. तेव्हापासून तो खिडकीजवळच्या खाटेवर होता आणि म्हाताऱ्याने चाकू सुनेच्या हातात दिला होता. आधी शेवग्याच्या फांद्यांवर, मग जंगली रोपांवर. तिरका काप, पाचर, खाच, पट्टी. बायकांच्या हाताने कलम धरत नाही असं सांगणारे भेटले, त्यांना म्हातारा म्हणाला, "झाडाला विचारून आलात का?" पहिल्या वर्षी तिची शंभरात वीस धरली, दुसऱ्या वर्षी सत्तर. यंदा घरामागे बांधलेल्या पन्नासांतली शेहेचाळीस धरली तेव्हा म्हाताऱ्याने ती दोनदा मोजली आणि सासूला बोलावून तिसऱ्यांदा मोजायला लावली.

पण घरामागची कलमं कोण बघतो? बघणार होता तो लांबच्या रोपवाटिकेचा मालक. दोन रात्री आणि एक दिवस गाडीत बसलं की त्याचं गाव. हे फणसाचं वाण त्या भागात नव्हतं, म्हणून काड्या इकडून जात आणि म्हातारा पोचताच त्या बांधून पुढे दोन महिने तिथल्याच कलमांचं काम करत असे. त्या दोन महिन्यांवर घराचं वर्ष निघे. गेल्या वर्षी मालक त्याच्या शेजारी उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "बाबा, पूर्वी तुमची शंभरात नव्वद धरायची. यंदा साठ. हात थरथरतोय तुमचा. पुढच्या वर्षी सुनेला आणा. तिच्या हाताने शंभर बांधून घेतो. धरली तर दर वर्षीचा हंगाम तिचा. नाहीतर दुसरी माणसं विचारताहेत मला." म्हाताऱ्याने हे घरी येऊन एकदाच सांगितलं, जेवताना, मान खाली घालून.

मंगळवारी उजाडायच्या आत दोघांनी काड्या उतरवल्या. सासूने चुलीवर मेण पातळ केलं. कापलेलं टोक मेणात बुडवायचं, शंभराची जुडी करायची, जुडीभोवती ओल्या लुगड्याची पट्टी, वर गोणपाट. बारा जुड्या झाल्या, दोन टोपल्यांत सहा सहा. खाटेवरून नवऱ्याने पट्ट्यांची पिशवी दिली. वर्षभर आडवं पडून तो पातळ प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापायचा, सगळ्या एका मापाच्या, एकही केस इकडेतिकडे नाही.

"शेवटचा वेढा ओढून घे. ढिला सोडू नकोस," तो म्हणाला.

"तीन वर्षं तेच सांगताय."

"अजून दोन दिवस सांगतो. मग तू आम्हाला सांगशील."

स्टेशनवर पत्र्याखाली सावली होती, पण पत्रा तापला होता. म्हाताऱ्याने नळाच्या जवळची, भिंतीकडची जागा धरली आणि टोपल्यांवर पिशवीतलं दुसरं धोतर पसरलं. गाडी बाराची. बारा वाजता वरच्या कर्ण्यातून एक बाई गोड आवाजात म्हणाली की गाडी तीन तास उशिरा धावत आहे. तीन वाजता म्हणाली, सात तास. सगळ्यांत शेवटी ती दर वेळी खेद व्यक्त करायची. त्या खेदात तिळाएवढाही फरक पडत नव्हता.

"अजून धरलेल्यातच आहे," म्हातारा सात तासांचं ऐकून म्हणाला.

बाकावर एक जाड बाई बसली होती, लेकीच्या बाळंतपणाला निघालेली. तिच्याकडे दोन ट्रंका आणि तुपाचा डबा. तिने टोपलीकडे बोट दाखवलं. "आत काय आहे हो? पाणी मारताय म्हणून विचारलं. मासे?"

"काड्या," सून म्हणाली.

"जळणाच्या?"

म्हाताऱ्याला हे लागलं. त्याने एक जुडी सोडली, वरची काडी तिच्यापुढे धरली. शेंड्याचा डोळा हिरवा, टपोरा, चकचकीत होता. "याच्यातून झाड होतं, बाई. चाळीस वर्षं फळ देईल असं."

"अगं बाई," ती म्हणाली, आणि तुपाचा डबा सरकवून टोपलीला सावलीत अजून जागा करून दिली.

रात्र फलाटावरच गेली. बुधवारी सकाळी सातला त्या गोड आवाजाने सांगितलं की पुढे रुळांखालची माती खचली आहे, आणि गाडी रद्द. फलाटावर एकदम कालवा झाला. ज्याला जे सुचलं ते उचलून जो तो खिडकीकडे धावला. सून टोपल्या म्हाताऱ्याच्या हवाली करून रांगेत घुसली. पुढच्या माणसाची कोपरं बरगड्यांत बसत होती. पाऊण तासाने खिडकीतल्या बाबूचं तोंड दिसलं.

"हे मोबाइलवरचं तिकीट आहे," बाबू कागद न उचलताच म्हणाला. "इथे काही मिळत नाही. पैसे आपोआप जातात."

"कुठे जातात?"

"जिथून आले तिथे."

"आमच्याकडून आले ना, साहेब. आम्ही इथेच आहोत."

मागे कोणीतरी खो खो हसलं. बाबूलाही हसू आलं असावं, पण त्याने ते गिळलं. "ज्याने काढून दिलं त्याच्या खात्यात जातील, बाई. आठ दिवसांत. पुढे या."

"मला पैसे नकोत. दुसऱ्या गाडीत जागा द्या. आमचा माल नाशिवंत आहे."

"जागेची खिडकी वेगळी. बसची सोय केलीय, खचलेल्या जागेच्या पलीकडे सोडतील, तिथून गाडी आहे. बसने जायचं तर याच तिकिटावर जा, मग परतावा नाही. जायचं नसेल तर पूर्ण परतावा. पुढे या."

ती धावत बाहेर आली. स्टेशनच्या आवारात बस उभी होती आणि माणसं दारातून, खिडक्यांतून, मिळेल तिथून आत शिरत होती. म्हाताऱ्याला तिने हाताला धरून आणलं, टोपल्या आणल्या. वाहकाने टोपल्यांकडे पाहिलं आणि अंगठा वर केला. "टपावर."

"टपावर नाही," म्हातारा म्हणाला.

"मग आत माणसं कुठे बसवू?"

"टपाचा पत्रा तापतो. तासाभरात उकडून निघतील त्या."

"आजोबा, सगळ्यांचं सामान टपावर चाललंय. तुमचं काय वेगळं आहे?"

सून पायरीवर चढली होती, एक पाय आत, एक बाहेर. ती म्हणाली, "बाबा, टोपल्या टाकून देऊ. जुड्या सोडवून मांडीवर घेऊ. सहा तुम्ही, सहा मी."

"दोन मला द्या," आतून ती जाड बाई ओरडली. तिला खिडकीजवळची जागा मिळाली होती. "अहो द्या इकडे! बाकीचे पण घेतील. घ्याल ना हो?" आणि खरंच दोनतीन हात पुढे आले. कोणाच्या हातात पिशवी, कोणाच्या हातात मूल, तरी आले.

म्हाताऱ्याने टोपलीवर हात आडवा धरला. माणसाच्या मांडीची ऊब काडीला लागता कामा नये, डोळा कशालाही घासता कामा नये, हे त्याने तीस वर्षं पाळलं होतं. स्वतःच्या पोराला लहानपणी त्याने जुडीला हात लावला म्हणून थोबाडीत मारली होती. आता ही परकी, घामेजलेली, धक्के खाणारी माणसं त्याच्या काड्या मांडीवर घेणार होती.

"निम्म्या मरतील," तो म्हणाला. "निम्म्या घेऊन मालकाला काय निम्मं तोंड दाखवू?"

"निम्म्या तरी पोचतील, बाबा!"

"उद्याची गाडी आहे. मी विचारलंय. आत्ता कुठे एक दिवस झालाय, सावलीत ठेवू, पाणी मारू. खाली उतर, सूनबाई."

ती पायरीवर उभी राहिली. वाहक म्हणाला, "बाई, आत या नाहीतर बाहेर जा." तिला आत जावंसं वाटत होतं. पण काड्यांच्या बाबतीत म्हाताऱ्याचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता. तिला चाकू ज्याने दिला त्याच्यासमोर भर स्टेशनात, शंभर माणसांत, तुमचं चुकतंय म्हणायचं तिच्या जिवावर आलं. ती उतरली. बस निघाली तेव्हा जाड बाईने खिडकीतून हात हलवला.

दुपारी तिने मालकाला फोन लावला. तो चिडला नाही, तेच वाईट होतं. "शुक्रवारपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "माझे खुंट तयार आहेत, बाई. तेही थांबत नाहीत."

उद्याची गाडी उद्या रद्द झाली. गोड आवाजाने खेद व्यक्त केला. त्या दिवशी नळाचं पाणी अकरालाच गेलं, आणि सुनेने आवाराबाहेरच्या चहावाल्याकडून दोन घागरी मागून आणल्या. त्याने दिल्या, पण आधी टोपलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "एवढं पाणी माणसाला पाजलं असतं तर दुवा मिळाला असता." म्हातारा दर तासाला फडकं उलटत होता. जेवला नाही. संध्याकाळी त्याने पहिल्या टोपलीतली एक काडी काढली, तिच्या सालीवर नखाने ओरखडा काढला. हिरवा. दुसरी काढली. हिरवा. पाचव्या काडीवर ओरखडा तपकिरी आला. त्याने ती काडी धोतराच्या ओच्यात लपवली. सुनेने पाहिलं होतं. तिने पाहिलं हे त्यालाही कळलं.

"उतरायला नको होतं," ती म्हणाली. तीन वर्षांत त्याच्याशी ती असं प्रथमच बोलत होती.

म्हाताऱ्याने टोपलीवरचं फडकं पुन्हा उलटलं. मग म्हणाला, "मी पानं खुडली ना, तेव्हाच झालं ते. तिकिटावर तारीख होती. छापलेली होती गं."

शुक्रवारी रूळ दुरुस्त झाला आणि संध्याकाळी एक साधी गाडी सोडली. बिनआरक्षणाच्या डब्याची तिकिटं वाटखर्चाच्या पैशांतून काढावी लागली. तीन दिवस खोळंबलेली माणसं त्या एका गाडीवर तुटून पडली. सुनेने एक टोपली डोक्यावर आणि दुसरी छातीशी धरून वाट काढली, म्हातारा तिच्या पदराला धरून मागे. आत पाय ठेवायला जागा नव्हती. टोपल्या कुठेच बसेनात, तेव्हा तिने जुड्या बाहेर काढल्या आणि रिकाम्या टोपल्या दारातून खाली फेकल्या. सहा म्हाताऱ्याच्या मांडीवर, सहा तिच्या. शौचालयाच्या भिंतीला टेकून दोघं बसली. दोन दिवस माणसं त्यांच्यावरून आली आणि गेली. कोणाचा गुडघा लागे, कोणाची पेटी. जे बुधवारी नको होतं तेच सगळं शनिवारी झालं. म्हातारा मधून मधून जुडीच्या तोंडावरून तळवा फिरवायचा. डोळे गळून त्याच्या तळव्याला चिकटत होते.

रविवारी सकाळी रोपवाटिकेच्या फाटकातून आत गेल्याबरोबर सुनेला छपरीखाली सहा माणसं दिसली. चार पुरुष, दोन बायका, पुढे खुंटांच्या पिशव्यांच्या रांगा, हातात चाकू. मालकाच्याच बागेतल्या साध्या फणसाच्या काड्या ती माणसं बांधत होती. त्यांतल्या एकीने मान वर केली, मग पुन्हा खाली घातली.

मालक आला. त्याने दोघांना पाणी दिलं, चटईवर बसवलं. मग जुड्या सोडल्या आणि एक एक काडी हातात घेऊन नखाने ओरखडत गेला. तपकिरी, तपकिरी, तपकिरी. मेलेल्या काड्या तो डावीकडे टाकत होता. काम करणाऱ्यांचे हात मंदावले होते, सगळे कान इकडेच. डावीकडचा ढीग गुडघ्याएवढा झाला तेव्हा म्हातारा उठला आणि स्वतःच काड्या ओरखडू लागला. त्याचा हात इतका थरथरत होता की नख सालीवर धड टेकत नव्हतं.

"राहू द्या, बाबा," मालक म्हणाला. "मी बघतो."

बाराशेंत एकतीस हिरव्या निघाल्या. त्यांतल्याही बहुतेकांचे डोळे गळाले होते. शाबूत डोळ्याची काडी एकच होती.

"बांध," मालक सुनेला म्हणाला आणि एक खुंट पुढे सरकवला.

तिने चाकू तेलाच्या फडक्याला पुसला. दोन रात्री बसून बोटं सुजली होती. खुंटाचा शेंडा उडवला, मधोमध खाच घेतली, काडीला दोन्ही बाजूंनी एकेका कापात पाचर केली, सालीला साल भिडवली, आणि नवऱ्याने कापलेली पट्टी खालून वर गुंडाळत नेली. शेवटचा वेढा ओढला. ढिला सोडला नाही. मालकाने काडी दोन बोटांत धरून हलवली. ती हलली नाही. छपरीखालच्या म्होरक्यानेही वाकून पाहिलं.

"हात चांगला आहे," मालक म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "पण एकावर मी हंगाम कसा देऊ? आणि या लोकांना आता काय सांगू? कालपासून लागलेत. दर वर्षी येतो म्हणून बोली झालीय त्यांच्याशी."

"दर वर्षी," म्हातारा म्हणाला.

"माती भरायचं काम आहे. पिशव्यांमध्ये. रोजाने. दोघांनी केलं तरी चालेल. निदान परतीचं भाडं तरी सुटेल."

सुनेने म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो नाही म्हणेल असं तिला वाटलं. त्याने नाही म्हणावं असंही तिला वाटलं. पण त्याने डोक्याचं फडकं सोडलं, झटकलं, पुन्हा बांधलं आणि विचारलं, "कुठे आहे माती?"

मातीचा ढीग छपरीसमोरच होता. काळ्या पिशव्यांचं तोंड एकाने धरायचं, दुसऱ्याने घमेल्याने माती ओतायची, पिशवी आपटून बसवायची, रांगेत लावायची. म्हातारा तोंड धरत होता, सून ओतत होती. समोर चाकू चालत होते आणि त्यांचा बारीक आवाज येत होता. म्होरक्याने एकदा म्हाताऱ्याला तंबाखू विचारली, कदाचित चांगल्या मनानेच विचारली असेल, पण म्हाताऱ्याने मान वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुनेच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. तिने हात लुगड्याला पुसला आणि पाहिलं. तिकीटवाल्याचा निरोप होता. त्याने पैसे पाठवले होते, आणि खाली त्याला आलेला मजकूर जसाच्या तसा डकवला होता.

"काय आहे?" म्हाताऱ्याने विचारलं.

तिने वाचून दाखवलं. "आपली गाडी रद्द झाल्याबद्दल खेद आहे. आपल्या तिकिटाची पूर्ण रक्कम परत करण्यात आली आहे."

"पूर्ण?"

"पूर्ण. तिकीटवाला म्हणतो, एक पैसाही कापला नाही."

म्हाताऱ्याने हातातली पिशवी आपटून बसवली. मग त्याने विचारलं, "आणि काड्यांचं काही लिहिलंय का?"

काही लिहिलेलं नाही हे तिला ठाऊक होतं. तरी तिने बोटाने मजकूर वर सरकवला, अगदी शेवटपर्यंत नेला, आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून पाहिला.

"नाही, बाबा."

"बरं," तो म्हणाला, आणि त्याने दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड उघडून धरलं. त्याचे हात हलत होते, म्हणून तिने घमेलं हळू ओतलं, तरी निम्मी माती बाहेर पडली.